गव्हाणीतला देव

येशूच्या जन्माची हकीकत चार शुभवर्तमानांपैकी दोनच सांगतात, मत्तय आणि लूक. मार्क थेट मोठ्या येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो. योहान मेंढपाळ, तारा सगळे वगळून ईश्वराच्या शब्दाने देह घेतला एवढेच सांगतो. जन्मतारीख कोणीच दिलेली नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ. स. ३३६ सालची. म्हणून ही मुळात रोमनांच्या सूर्योत्सवाची तारीख, असे काहीजण म्हणतात. त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि ते खरे निघाले तरी मोठेसे बिघडत नाही. नाताळचा आधार तारखेवर नाही, योहानाच्या त्या एका विधानावर आहे.

ते विधान पचायला फार जड आहे. लूक आधी सम्राट ऑगस्टसचे नाव घेतो, त्याच्या नावनोंदणीच्या हुकमाचे सांगतो आणि लगेच जनावरांच्या गव्हाणीत ठेवलेल्या तान्ह्या मुलाकडे वळतो. मत्तयाच्या कथेत तर राजा हेरोदाच्या भीतीने त्या मुलाला घेऊन आईबापांना इजिप्तला पळावे लागते. ज्याने विश्व घडवले तो दुसऱ्याच्या कुशीवाचून जगू शकत नाही, हे कसे मानायचे? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरू एरियसने हाच आक्षेप घेतला: जो जन्मतो, दुःख सोसतो, तो परमेश्वराच्या बरोबरीचा नसणार, तो श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेलाच. ३२५ सालच्या निकिया धर्मपरिषदेने हे मत नाकारले. बिशप अथनेशियसने पुढे आयुष्यभर मांडलेला युक्तिवाद मला निर्णायक वाटतो. येणारा जर देवाहून कमी असेल, तर देव स्वतः माणसाजवळ आलाच नाही. त्याने फक्त दूत धाडला. सामर्थ्य बाजूला ठेवता येणे हीच प्रेमाची खूण, असे मानले तर गव्हाण देवपणाला उणेपणा आणत नाही.

मराठी वाचकाला इथे अवतार आठवेल, आणि उखळाला बांधलेला कृष्णही. ख्रिस्तकथा पुराणाच्या रूपात पाहणे मराठीला परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापले गेले. तरी फरक उरतो. ख्रिस्ती श्रद्धेत हे देहधारण एकदाच घडते, आणि घेतलेला मानवी देह मरण सोसून पुनरुत्थानानंतरही टाकला जात नाही.

याहून कठीण प्रश्न वेगळाच आहे: देव आला, तर जगातले क्रौर्य कमी का झाले नाही? मत्तय त्यावर पांघरूण घालत नाही. मुलगा वाचतो, पण हेरोद बेथलेहेमची दोन वर्षांचे आणि त्याखालचे मुलगे मारतो. पाश्चात्त्य चर्चने त्या बालकांचा स्मरणदिन नाताळच्याच आठवड्यात, २८ डिसेंबरला ठेवला आहे. त्याआधी २६ला दगडमार सोसून मेलेल्या स्तेफनाचा. देव माणसाच्या दुःखात उतरला, असे म्हणणाऱ्या श्रद्धेला हे दिवस सणाबाहेर ठेवता आले नसते.