रताळी कोण उकडत बसणार?

यंदाच्या आषाढीला आमच्या सोसायटीने फराळाचं कंत्राट बाहेर दिलं. साबुदाणे वडे, बटाट्याची कचोरी, उपवासाची मिसळ, वर उपवासाची चकली. रताळं कुठे दिसेना म्हणून शोधलं, तर ते एका चकचकीत पाकिटात चिप्स होऊन बसलं होतं. पाकिटावर पुढे ठळक अक्षरांत ‘हेल्दी’, मागे बारीक अक्षरांत पामतेल. मी काही बोलायच्या आत शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘‘अहो, आता रताळी कोण उकडत बसणार?’’

मला चिप्सपेक्षा ते ‘बसणार’ लागलं. रताळं उकडायला आमच्या घरात कुणी कधी बसलं नव्हतं. बसायला वेळच नसायचा, म्हणून तर रताळं होतं.

त्याचा फार जुना इतिहास मी उगाळत नाही. ते अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज गलबतांबरोबर आपल्याकडे आलं, आणि मिरची, बटाटा, शेंगदाण्यासारखंच परकं असून उपवासाच्या ताटात मानाने जाऊन बसलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढची तीनेकशे वर्षं ते शेतात आणि चुलीतच होतं. मला बोलायचंय ते ऐंशीच्या दशकाबद्दल. कारण तेव्हा मी शाळेत होते, आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांत राहत होतो आणि आई रोज लोकलने मुंबईला नोकरीला जायची.

त्या स्वयंपाकघरात कुकर हे एकच यंत्र. गॅस आलेला होता, पण सिलिंडर एकच. तो संपला की नंबर लावायचा आणि दुसरा येईपर्यंत रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारायचा. त्यामुळे आई वाफसुद्धा फुकट जाऊ द्यायची नाही. कुकरात खाली डाळ, मध्ये भात, वरच्या डब्यात सालासकट दोन तुकडे केलेली रताळी. डब्यात पाणी अजिबात नाही, कारण पाण्यात बुडवून उकडलेलं रताळं पचपचीत होतं आणि त्याची चव पाण्याबरोबर मोरीत जाते. हिवाळ्यात हे आठवड्यातून दोन-तीनदा तरी चालायचं. संकष्टी असो वा नसो. शाळेतून आल्यावर ती गार रताळी आम्ही मीठ-तिखट लावून खायचो, किंवा दुधात कुस्करून त्यात गुळाचा खडा. उकडून गार झालेल्या रताळ्यातला काही स्टार्च सहजासहजी पचत नाही आणि आतड्यात तंतूंसारखं काम करतो, हे मी फार पुढे वाचलं. आईने गार केली होती ती तब्येतीसाठी नव्हे. ती घरात नसायची म्हणून.

एकादशीला मात्र पेच पडायचा. आजीचा उपवास, आणि डाळभाताच्या वाफेवर शिजलेलं तिला चालायचं नाही. आईला सकाळची गाडी पकडायची असायची. दोघींत यावरून जे धुमसायचं, ते सांगायला या लेखाची जागा पुरणार नाही. आजी नियमाची पक्की होती आणि तो नियम पाळायचं काम दुसऱ्याचं होतं, एवढंच म्हणते. आईने तोडगा काढला तो असा: आधी कुकरात नुसती रताळी, दोन शिट्ट्या, डबा बाहेर, मग त्याच गरम पाण्यावर डाळभात. पाणी आधीच तापलेलं असल्याने दुसऱ्या खेपेला गॅसही कमी लागायचा. आजीचा उपवास शाबूत, आईची गाडी शाबूत.

आणि कीस. झटपट म्हणतात तो हा. जाड किसणीवर रताळं किसायचं, काळं पडू नये म्हणून लगेच पाण्यात टाकायचं, घट्ट पिळून थेट कढईत. कढईत चमचाभर तूप, जिरं, हिरवी मिरची. झाकण ठेवून एक वाफ, मग दाण्याचा कूट, मीठ, चिमूटभर साखर, पुन्हा एक वाफ. किसण्यासकट पंधरा मिनिटं खूप झाली. खालच्या मजल्यावरच्या मालवणच्या काकू कूट घालत नसत, मूठभर ओलं खोबरं घालायच्या आणि आमच्या किसाला ‘घाटावरचा भुसा’ म्हणायच्या. त्यांचा कीस चांगला व्हायचा, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आताही पूर्ण करणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी शिकवली ती खरी. कीस सारखा ढवळायचा नाही. ढवळला की स्टार्च सुटतो आणि त्याची चिकी होते.

तिसरी तऱ्हा तव्यावरची. पातळ चकत्या, तव्यावर थेंबभर तूप, वर झाकण, दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत. वरून मीठ, लिंबू, मिरपूड. आज ज्याला एअर फ्रायर लागतो, ते हेच. एअर फ्रायरशी माझं वैर नाही. तळण्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा. फक्त त्याच्यामुळे रताळं खाता येऊ लागलं, असं कुणी सांगू नये.

मायक्रोवेव्हबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती समजायला आजोळी जावं लागेल. माझं आजोळ चंदगड तालुक्यातलं. बेळगाव-खानापूरपासून तिथपर्यंतचा तो सगळा पट्टा रताळ्यांचा. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की मामी विझत्या चुलीतल्या राखेत रताळी पुरून ठेवायची. सकाळी सालीतून मधासारखा चीक बाहेर आलेला असायचा. त्यात जादू नाही. रताळ्यात स्टार्चची माल्टोज नावाची साखर करणारं एक विकर असतं, आणि ते साधारण साठ ते पंचाहत्तर अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोरात काम करतं. राखेत रताळं त्या तापमानात बराच वेळ राहतं, म्हणून गोड होतं. मायक्रोवेव्ह ती पायरी धावत ओलांडतो. विकराला काम करायला वेळच मिळत नाही, आणि ताटात येतं ते शिजलेलं, पण मचूळ. कुकर या दोहोंच्या मधला. ज्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांनी उलट हेच ध्यानात घ्यावं. उकडलेल्या रताळ्याने रक्तातली साखर भाजलेल्यापेक्षा सावकाश चढते. मामीची राखेतली रताळी मधुमेह्याचं अन्न नव्हे, कितीही नैसर्गिक असली तरी.

नव्वदनंतरची दहा-बारा वर्षं मी भराभर ओलांडते, कारण रताळ्याचा ऱ्हास तेव्हा झाला आणि तो कंटाळवाणा होता. मासिकांचे उपवास विशेषांक निघू लागले. त्यात रताळ्याचे गुलाबजाम, खव्यातल्या रताळ्याच्या वड्या, कंडेन्स्ड मिल्क ओतलेली खीर. साधं उकडलेलं रताळं छापण्याजोगं नव्हतं, त्याला फोटोत रूप नव्हतं. पाहुण्यांपुढे ते ठेवणं तर कमीपणाचंच झालं. ‘रताळी काय, गरिबाचं खाणं,’ हे वाक्य मी स्वतःच्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय. त्यातल्या एकाने आता खास थंड प्रक्रियेचं तेल आणून त्यात रताळ्याच्या फोडी भाजायला घेतल्या आहेत. असो.

मग आलं कर्बोदकांच्या भीतीचं पर्व. गल्लोगल्ली वजन कमी करण्याचे वर्ग निघाले. मीही एकात पैसे भरले. तिथल्या बाईंनी हातात छापील कागद दिला. त्यात ‘वर्ज्य’च्या रकान्यात साखर, मैदा, बटाटा आणि रताळं एका ओळीत. मैद्याच्या ओळीत रताळं! तंतू असलेलं, सालासकट खाता येणारं, क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम देणारं. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, ‘‘जमिनीखालचं सगळं बंद.’’ मग गाजर कसं चालतं, याचं उत्तर मिळालं नाही. काही वर्षांनी त्याच वर्गाच्या जाहिरातीत रताळं ‘सुपरफूड’ म्हणून झळकलं. आधी घेतलेले पैसे परत मिळाल्याचं कुणाकडून ऐकलं नाही.

आता तर कौतुकाचा पूर आहे, आणि तोही धड नाही. सकाळी फोनवर चित्र येतं: रताळं खा, भरपूर अ जीवनसत्त्व मिळवा. चित्रात केशरी गराचं रताळं. आपल्या मंडईत मिळतं ते बहुतेक लाल सालीचं आणि आतून पांढरं. केशरी रंग ज्याच्यामुळे येतो ते बीटा कॅरोटीन पांढऱ्या गरात फार थोडं असतं. केशरी रताळ्याची ताकद खोटी नाही. आफ्रिकेत ती घरोघर पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण परदेशातल्या केशरी रताळ्याचे आकडे आपल्या पांढऱ्या रताळ्याला चिकटवायचे, ही लबाडी आहे. पांढरं रताळं त्याच्या स्वतःच्या गुणांवर चांगलं आहे, त्याला उसन्या अंगरख्याची गरज नाही. आणि केशरी घेतलंच, तर त्यावर चमचाभर तूप घाला, कारण ते कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी नीट लागत नाही. ‘ऑइल-फ्री’ म्हणून कोरडं खाणाऱ्यांचं त्यात नुकसानच.

या फोनवरच्या पाककृतींना रताळं घरात कसं ठेवावं हेही ठाऊक नसतं. ‘आठवडाभराची आणून फ्रिजमध्ये ठेवा’ म्हणे. दहा-बारा अंशांच्या खाली रताळं आजारी पडतं, आतून कडक होतं, मग किती शिट्ट्या दिल्या तरी मधला गाभा मऊ होत नाही. ते कांद्याच्या टोपलीशेजारी, हवेवर ठेवायचं. नुकतं काढलेलं असेल तर थोडे दिवस ठेवलेलं अधिक गोड लागतं. घेताना सालीवर बारीक भोकं दिसली तर सोडून द्यायचं. भुंग्याने पोखरलेलं रताळं इतकं कडू होतं की कुठल्याही मसाल्याने ते झाकत नाही.

केशरी रताळं आपल्याकडे नाही असंही नाही. तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था १९६३ पासून या कामात आहे. तिच्या ‘भू सोना’ वाणात शंभर ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आहे, आणि ‘भू कृष्णा’ तर आतून जांभळं. हे कुठे मिळतं का, म्हणून गेल्या महिन्यात मंडईत विचारत फिरले. केशरी जाऊ द्या, साधं पांढरंही दोनच गाळ्यांवर होतं, आणि तेही आषाढीचं उरलेलं, सुरकुतलेलं. गाळेवाला म्हणाला, ‘‘आता शिवरात्रीला या, मावशी. मधे कोण खातंय?’’ अर्धा किलो सुरकुतलेलीच घेतली. घरी आल्यावर दोन शिट्ट्या केल्या. चांगली गोड निघाली.