बाजार वणीचा, माल जमिनीच्या पोटातला

काय दोस्तांनो, बाजाराला येता? पिशवी नको, डोळे तेवढे उघडे ठेवा. आपण निघालोय यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला. ही जुनी बाजारपेठ. नाव एवढं मोठं, की 1905 पर्यंत अख्खा जिल्हाच वणीच्या नावानं ओळखला जाई. इंग्रज कागदावर लिहायचे ‘वून’! रंगनाथस्वामींच्या जत्रेतला इथला बैलबाजारही प्रसिद्ध.

हिवाळ्यात आलात तर आधी दिसेल कापूस. एक बोंड हातात घ्या आणि पाकळी उकला. आत सरकी, सरकीला चिकटलेले मऊ तंतू. हा पिकतो काळ्या जमिनीत, आणि ही काळी माती म्हणजे झिजून भुगा झालेला लाव्हाचा दगड.

तेवढ्यात धुरळा उडवत कोळशाचा ट्रक जातो. हा कोळसा म्हणजे 25 कोटी वर्षांहून जुनं, गाडलं गेलेलं जंगल. आणि जवळच्या राजूरच्या भट्ट्यांत भाजला जाणारा चुना? त्याचा चुनखडीचा दगड तर एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला, कोळशाहूनही कितीतरी म्हातारा. म्हणजे या बाजारातला चुना पणजोबा, कोळसा आजोबा आणि काळी माती नात!

आता जरा गावाबाहेर पडू. पांढरकवड्याच्या बाजूला, झरी जामणी तालुक्यात शिबला नावाचं गाव आहे. 2021 साली तिथं रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून दगडी खांब उघडे पडले. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते ओळखले. खांब कसे, तर पेन्सिलींचा गठ्ठा बांधून ठेवावा तसे, एकाला एक खेटून. बहुतेकांना कडा सहा. वाटतं, कुण्या पाथरवटानं छिन्नीनं घडवलेत.

पाथरवट नाही, हे काम थंडाव्याचं! सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला. गार होताना तो आकसला. पण दगड काही रबर नव्हे. ताण बसला की तडकतो. आटलेल्या तळ्यातला चिखल आठवा, तसाच. एका बिंदूतून तीन भेगा सारख्या कोनात फुटल्या, की ताण सगळीकडून सैल होतो. अशा भेगा एकमेकींना भिडल्या, की षटकोन तयार. मग जसजसा आतला लाव्हा निवत गेला, तसतशा भेगा खोल शिरल्या आणि झाले खांब! काही पाच कडांचे, काही सातांचेही निघतात, बरं का.

दूर स्कॉटलंडमध्ये स्टाफा नावाच्या बेटावर अशाच खांबांची ‘फिंगलची गुहा’ आहे. तिथले लोक गोष्ट सांगतात, की ती एका राक्षसानं बांधली. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडीही याच घराण्यातली. म्हणजे राक्षस असलाच, तर तो आपल्याकडेही येऊन गेला म्हणायचा!

तिथून पुढे टिपेश्वरचं अभयारण्य जवळच. नशीब असेल तर वाघही दिसेल. पण शिबल्याच्या खांबांचा तुकडा मात्र ठोकून आणू नका. खांब हवाच असेल तर घरीच करा. कॉर्नफ्लोअर आणि पाणी सारख्या वजनाचं घेऊन वाटीत कालवा आणि मोठ्यांना विचारून दिव्याच्या उबेत काही दिवस वाळू द्या. वाळलेली वडी हळूच मोडा. आत बारीक बारीक खांब दिसतील. मोजा बरं, किती कडा आहेत?