इंग्रजीत धावतं, वऱ्हाडात चालतं

अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मी अधूनमधून इंग्रजी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात फळ्यावर एक साधं वाक्य लिहिलं : 'ही रन्स अ किराणा शॉप इन अकोट.' शेवटच्या बाकावरून दर्यापूरकडचा एक पोट्टा म्हणाला, "सर, रन म्हंजे पयणं न? मंग हा मानूस दुकान पयवते का?"

वर्ग खदखदून हसला. (आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, शाळा ती शाया, तसं पळणं ते पयणं.) दुकान पळवणारा इसम हा व्याकरणाचा नव्हे, अकोट पोलिसांचा विषय. पण चूक त्या पोराची नव्हती. 'रन म्हणजे पळणे' ही जोडी त्याला शाळेत कोणीतरी घोकून दिली होती आणि त्यानं ती इमानदारीनं वापरली.

हा तीन अक्षरी शब्द भल्याभल्यांना पुरून उरला आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात, १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन'नं त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. यामागे यंत्रयुग आहे, असं मला वाटतं. गिरण्या, आगगाड्या, कारखाने आले आणि इंग्रजाला ते सगळं धावताना दिसलं.

आपल्यालाही तीच यंत्रं मिळाली, पण ती आपल्याकडे आल्यावर चालू लागली. जिन चालते, मोटारपंप चालतो, पिठाची चक्की चालते. दुकान चालतं, संसार चालतो, कोर्टात केस चालते आणि फाटकी नोट चालत नाही. कापसाच्या हंगामात अकोल्याच्या बाजारात विचारतात, "आज काय भाव चालू हाय?" इंग्रजीत जे जे धावतं, त्यातलं निम्मंअधिक मराठीत पायी जातं. शिवाय आपल्या 'चालणे'ला एक जास्तीचा अर्थ आहे, तो 'रन'च्या ६४५ अर्थांनाही पेलायचा नाही. "चहा काळा आहे, चालेल?" "चालते न." त्यात होकार आहे, थोडी तडजोड आहे आणि समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये ही काळजीही आहे. "कसं चालून ऱ्हायलं?" या प्रश्नाला वऱ्हाडात "चालते बावा" एवढंच उत्तर मिळतं. नापिकी, मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या दोन शब्दांत येतं.

चालणाऱ्या गाडीचं आमच्याकडचं खरं उदाहरण शकुंतला. कापूस वाहून न्यायला इंग्रजी कंपनीनं टाकलेला हा अरुंद रुळांचा मार्ग. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा यवतमाळला, ११३ किलोमीटर. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, नंतर डिझेल आलं. त्यानं तिच्या स्वभावात फार फरक पडला नाही. इंग्रजी वेळापत्रकात ती 'रन' करत असेल, पण ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना 'चालते' हेच क्रियापद नेमकं वाटायचं, अगदी शब्दशः. आता ती बंद आहे. 'डझ नॉट रन'ला आपण 'धावत नाही' म्हणत नाही. 'बंद पडली' म्हणतो. आणि पडणं हे न धावण्यापेक्षा जास्त लागतं.

रस्त्याचं पुन्हा वेगळं. इंग्रजीत रस्ताही धावतो. जून २०२२मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं गिनीज विक्रम केला. त्या घाईला धावणं म्हणायला माझी हरकत नाही. पण तो रस्ता आपल्या लेखी अकोल्याला 'जातो', तोही शांतपणे. मग उरलेली किरकोळ मंडळी : नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, साखर संपते, मधुमेह घराण्यात असतो. इंग्रजी या सगळ्यांना 'रन'च्या एकाच दावणीला बांधते.

निवडणुकीत मात्र इंग्रजीचीच दोन घरं झाली आहेत. अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, इंग्लंडातला 'स्टँड' करतो. आपण इंग्लंडच्या बाजूचे, आपला उमेदवार उभा राहतो. पण आपण तिथं थांबत नाही. उभा राहिलेला माणूस पुढं 'बसतो' म्हणजे अर्ज मागे घेतो, नाहीतर 'पडतो' म्हणजे हरतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चहाच्या टपरीवर "तो बसला का?" असं कोणी विचारलं तर खुर्चीची चौकशी चाललेली नसते. उभं राहणं, बसणं, पडणं, सगळी कसरत एका जागच्या जागी. धावपळ कार्यकर्त्यांची.

आता खरोखरच्या पळण्याकडे येतो. इथं इंग्रजी गरीब आणि आपण श्रीमंत. आपल्याकडे दोन शब्द आहेत, आणि शब्दकोश त्यांना समानार्थी म्हणत असला तरी माझा त्यावर विश्वास नाही. धावणं हे कशाच्या तरी दिशेनं असतं, पळणं कशापासून तरी. देव धावून येतो, पळून येत नाही. शेजारी मदतीला धावतो, चोर पळतो. पोरगी घरच्यांचा विरोध झुगारून लग्न करते तेव्हा गाव म्हणतं, "पयून गेली." ती ज्याच्याकडे गेली त्याच्या बाजूनं पाहिलं तर ती धावत आली होती. क्रियापद निवडणारा कुठं उभा आहे, ते क्रियापदच सांगतं. आणि दोन्ही दिशांचा गोंधळ एकदम झाला की 'धावपळ'.

पळण्याच्या घरात भावंडंही भरपूर. भीतीनं पळणारा ढुंगणाला पाय लावून पळतो, पोरंटोरं धूम ठोकतात, पोटात कावळे ओरडणारा श्रोता भाषणातून काढता पाय घेतो, आणि सोंगट्यांच्या पटावरून उठून आलेला 'पोबारा' करतो. कायद्यातून निसटायला 'पळवाट' लागते. 'धाववाट' असा शब्दच नाही.

क्रिकेटनं 'धाव' हा शब्द पार बदलून टाकला. अमरावतीचा जितेश शर्मा षटकार मारतो तेव्हा कोणीच धावत नाही, तरी सहा धावा होतात. आणि आपण त्या 'काढतो', विहिरीतून पाणी काढावं तशा.

तो दर्यापूरचा पोट्टा पोलीस भरतीच्या तयारीत आहे. मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. पहाटे मैदानावर ही पोरं दिसतात, पण त्यांच्यातला कोणीही धावत नाही की पळत नाही. ते 'रनिंग मारतात'. "आज सोळाशे मारली" असं म्हणतात. इंग्रजी नाम घेतलं आणि त्याला मराठीतलं सगळ्यात कामसू क्रियापद जोडलं. घासून पाहिलं तर 'मारणे'चे अर्थही कमी भरायचे नाहीत : चक्कर मारणे, गप्पा मारणे, फोन मारणे, शाळेला बुट्टी मारणे.

परवा सकाळी तो भेटला. घामानं निथळत, कमरेवर हात ठेवून उभा. मी विचारलं, "काय रे, रनिंग कशी चालून ऱ्हायली?"

"चालते सर," तो म्हणाला. "गुडघा तेवढा दुखते."