कुलूप उघडणारी सुई

दार वाऱ्याने ओढलं गेलं, लॅच लागला आणि चावी आतच राहिली, की चावीवाल्याला फोन जातो. त्याच्या पिशवीत कानस, पकड आणि कोऱ्या चाव्यांच्या जोडीला कधी कधी लॉक पिक गनही असते. पिस्तुलासारखी मूठ, खाली घोडा आणि पुढे एक मिलिमीटरहूनही बारीक पोलादी पट्टी. या पट्टीला आपण सुई म्हणू. गन नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं टिकते, सुई मात्र झिजण्यासाठीच असते. ती कशी झिजते आणि तिची निगा कशी राखायची, हे त्या धंद्यातल्या माणसाइतकंच दाराच्या मालकालाही कळायला हवं, कारण खराब सुईची किंमत शेवटी त्याचं कुलूप मोजतं.

आपल्या दारावरच्या बहुतेक लॅचमध्ये पिनांचा पितळी सिलिंडर असतो. पिनांच्या कुलपाची ही कल्पना लाकडी रूपात प्राचीन इजिप्तमध्येही होती. अमेरिकेत लिनस येल (धाकटा) याने १८६१ आणि १८६५ मध्ये पेटंट घेऊन तिला चपट्या, छोट्या चावीचं आजचं रूप दिलं. आत एकावर एक अशा पिनांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या डोक्यावर एक स्प्रिंग. घोडा दाबला की सुई सगळ्या खालच्या पिनांना एकदम ठोका देते. कॅरममध्ये चिकटून असलेल्या दोन सोंगट्यांपैकी मागचीला स्ट्रायकर बसला की ती जागीच थबकते आणि पुढची सुटते, तसंच इथे होतं. खालची पिन राहते, वरची क्षणभर उडते आणि तेवढ्यात सिलिंडर फिरू शकतो. कुलूप उघडण्याची कला न शिकलेल्या पोलिसांना वापरता यावी, म्हणून ही गन आली. नवतालसारख्या लिव्हरच्या कुलपात उडायला पिनाच नसतात, त्यामुळे तिथे तिचा काही उपयोग नाही. जपानने २००३ मध्ये कायदा करून अशी हत्यारं योग्य कारणाशिवाय बाळगायलाच बंदी घातली. मला तो कायदा रास्त वाटतो. दार कोणाचं आहे याची खात्री करून घेणं हा या धंद्याचा पहिला नियम आहे.

पितळ पोलादापेक्षा मऊ. मग सुई का खराब होते? एक तर ठोके नेमके त्याच चार-पाच जागी बसतात आणि कडेला बारीक खाचा पडत जातात. पण खरं दुखणं पोलादाचं थकणं हे आहे. एका झटक्यात सहज सोसेल एवढाच ताण पुन्हा पुन्हा आला, की पोलादात सूक्ष्म भेग जन्मते आणि हळूहळू सरकत राहते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा आस तुटून पन्नासहून अधिक माणसं दगावली, तेव्हा हा प्रश्न युरोपला जाचू लागला. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्योलरने आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून ताण आणि आवर्तनं यांचा संबंध मांडला. एवढीशी सुईही त्याच नियमाने मरते. विजेवर चालणाऱ्या गनमध्ये तर ही आवर्तनं भराभर वाढतात. सेकंदाला ५० ठोके धरले, तरी मिनिटाला ३,००० होतात.

सुई बहुधा टोकाला तुटत नाही. ती तुटते बुडाशी, जिथे स्क्रू तिला आवळतो. वाकण्याचा ताण तिथेच एकवटतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी स्क्रू तपासायचा. सैल असेल तर सुई थरथरते, तिरपी लागते आणि बूड चेपतं. ठोक्याचा जोर कमी-जास्त करणारं चाक असेल, तर ते कमीवर ठेवून सुरुवात करायची. नवशिके ते सरळ शेवटापर्यंत फिरवतात. त्यात सुईचं आयुष्य तर घटतंच, शिवाय कुलपातल्या नाजूक स्प्रिंगही खराब होऊ शकतात.

वाकलेली सुई सरळ करून पुन्हा वापरायचा मोह होतो. ती दिसायला सरळ होते, पण वाकलेल्या जागी धातू आधीच दुखावलेला असतो. सुईची कड मात्र दुरुस्त करता येते. नखावरून अलगद फिरवा. कुठे अडकली, किंवा कापसाचा तंतू ओढून घेतला, तर तिथे बर, म्हणजे धातूची उचललेली खरखरीत धार, आलेली आहे. ती बारीक पॉलिश पेपरने काढायची आणि शेवटचे हात सुईच्या लांबीच्या दिशेनेच फिरवायचे. आडवे ओरखडे राहिले तर पुढची भेग तिथूनच सुरू होते. ग्राइंडरवर धरायची वेळ आलीच, तर क्षणभर टेकवून लगेच पाण्यात बुडवायची. साध्या कार्बन पोलादाची कड निळी पडली, म्हणजे उष्णता ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली. सुई मुळात त्याहून कमी उष्णतेवर टेम्पर केलेली असेल, तर तिचं पाणी उतरलंच म्हणून समजा. मग ती स्प्रिंगसारखी परतणार नाही, वाकूनच राहील.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक शत्रू आहे, खारी, दमट हवा. स्प्रिंगच्या साध्या पोलादाला पावसाळ्यात चटकन गंज चढतो आणि गंजाचा प्रत्येक खड्डा भेगेला आयती जागा देतो. काम झालं की सुई पुसायची, मशीन ऑइलचा पुसटसा हात फिरवायचा, आणि पुढच्या वेळी कुलपात घालण्याआधी ते तेल पुसून टाकायचं. स्टेनलेस सुईही खाऱ्या हवेपासून पुरती सुरक्षित नसते.

माझं स्पष्ट मत आहे, की सुई तुटण्याची वाट पाहू नये. बुडाशी रेघ दिसली किंवा ठोक्याचा आवाज बदलला, की ती बाद करावी. तुकडा सिलिंडरच्या आत मोडला, तर तो बाहेर काढायला जो वेळ जातो आणि जी खरवड होते, त्यापुढे नव्या सुईचा खर्च काहीच नाही. मोडक्या कडेने पितळी पिना खरवडल्या गेल्या, तर तो कीस आतच राहतो आणि मूळ चावीही अडखळू लागते.

मालकाच्या बाजूने बोलायचं, तर अडकणाऱ्या लॅचमध्ये खोबरेल तेल सोडायची आपली सवय मोडायला हवी. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी पिना जड होतात, आणि एरवी त्यात धूळ चिकटून चिखल होतो. त्याऐवजी कोरडी ग्राफाइट पूड चिमूटभर पुरते. ती नसेल तर मऊ पेन्सिल चावीच्या दात्यांवर घासून चावी दोन-चारदा आत-बाहेर करावी. आणि डुप्लिकेट करून घेताना मूळ चावी द्यावी, डुप्लिकेटवरून केलेली डुप्लिकेट नको. दर नकलेत थोडा फरक पडत जातो आणि एक दिवस चावी हातात असूनही दार उघडत नाही.