नगराच्या मालकीचे अरण्य

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू इंग्लंड या नावाने ओळखली जाणारी जी सहा राज्ये आहेत, त्यांतील कित्येक गावांच्या दफ्तरी सार्वजनिक मिळकतीच्या यादीत शाळा, ग्रंथालय आणि दफनभूमी यांच्या जोडीला एका अरण्याचीही नोंद आढळते. या अरण्याचे खरेदीखत गावाच्या नावाने असते, त्यातील लाकडाचा पैसा गावाच्या तिजोरीत जमा होतो आणि त्याचे काय करावे याचा अधिकार त्या गावच्या मतदारांकडे असतो. खासगी मालकीचे माहेरघर अशी ज्या देशाची आपल्याकडे ख्याती आहे, त्या देशात सामायिक मालकीची ही रीत टिकून राहिली, एवढ्यावरूनच ती समजून घेण्याजोगी ठरते.

न्यू हॅम्पशायर राज्यातील न्यूइंग्टन गावाचे वन १७१० पासूनचे असून ते त्या देशातील सर्वांत जुने नगरवन मानले जाते. ब्रिटिश आरमाराला डोलकाठ्या हव्यात म्हणून उंच पाइन वृक्ष राखीव ठरवले जात, असा तो काळ. अशा काळी एका लहानशा वस्तीने स्वतःच्या सार्वजनिक गरजांसाठी रान राखून ठेवावे, ही दूरदृष्टी खरोखर आदरणीय होय. परंतु पुढे १९५० च्या दशकात हवाई दलाच्या तळासाठी भूमिसंपादन झाले, तेव्हा याच वनाचा काही भागही त्यात गेला. कागदोपत्री मालकी कितीही जुनी असली, तरी तिला वरिष्ठ सत्तेपुढे मर्यादा असतातच.

बहुतेक नगरवनांचा उगम मात्र उजाड झालेल्या शेतीत आहे. एकोणिसाव्या शतकात मेंढपाळी आणि शेती यांच्यासाठी या डोंगरांवरील झाडी इतकी तोडली गेली की, व्हरमाँटमध्ये जन्मलेले जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी १८६४ साली ग्रंथ लिहून मनुष्याच्या हातून भूमीची कशी हानी होते, याचा इशारा दिला. पुढे पश्चिमेकडील सुपीक जमिनी खुल्या झाल्या, शेतकरी तिकडे निघून गेले आणि सोडलेल्या शेतांत पाइन, मेपल, बर्च यांची दाटी झाली. आजही त्या रानांतून हिंडताना घनदाट झाडीत मध्येच दगडी गडगे लागतात. ते एके काळच्या शेतांचे बांध होत. मॅसॅच्युसेट्सने १९१३ मध्ये गावांना अशी वने स्थापण्याची कायदेशीर मुभा दिली, व्हरमाँटनेही त्यानंतर लवकरच तोच मार्ग धरला. १९३० नंतरच्या मंदीत कराच्या थकबाकीपायी कित्येक जमिनी गावांच्या हाती आल्या. व्हरमाँटमधील हाइन्सबर्गचे नगरवन अशाच पडीक जमिनी १९३६ पासून एकेक करून जोडत आकाराला आले.

जमीन हाती येणे सोपे. ती सांभाळणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते, अंदाजपत्रकाच्या कलमांवर मतदान होते आणि वनासंबंधीचे मोठे ठरावही तेथे येऊ शकतात. वर्षभराची देखरेख नागरिकांच्या समितीकडे असते, आणि राज्याच्या वेतनावरील वनाधिकारी तिला व्यवस्थापनाचा आराखडा करण्यास साहाय्य करतो. बॉस्टनलगतच्या वेस्टन गावाने याच्याही पुढे पाऊल टाकले. तेथे १९५५ मध्ये वन व पायवाटा यांसाठी नागरिकांची संस्था निघाली. १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘लँड्स सेक’ या दुसऱ्या संस्थेने गावच्या जमिनीवर शेती केली, रानात सरपण तोडले आणि शाळकरी मुलांना सोबत घेऊन मेपलचा पाक केला. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक पदरी पडतो. रस आटवण्यासाठी चुलाणापाशी उभ्या राहिलेल्या मुलाला त्या रानाविषयी वाटणारी आपुलकी नुसत्या फलकाने निर्माण होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पायवाटांची कथा याहून कष्टाची. पायवाटेचा खरा शत्रू पाणी. उतारावरची वाट पायांनी दबून खोल होते, तिच्यात पावसाचे व वितळत्या बर्फाचे पाणी शिरते आणि काही वर्षांत वाटेची घळ होऊन बसते. त्यावर उपाय जुना व साधा आहे: वाटेत तिरका दगड किंवा ओंडका गाडून पाणी बाजूच्या रानात वळवायचे, दलदलीवर फळ्या अंथरायच्या, आणि पाणी वळवणाऱ्या या आडव्या बांधांमागे साचलेला गाळ व पाचोळा वरचेवर उपसायचा. हा उपसा एकदा चुकला, तर दगड आहे तिथेच राहतो आणि पाणी पुन्हा वाटेने धावू लागते. बर्फ वितळताना चिखलाचा हंगाम येतो, तेव्हा चिखल टाळू पाहणारा प्रत्येक जण कडेने चालतो आणि कडेचा कोवळा झाडोरा तुडवून वाट दुप्पट रुंद करतो. म्हणूनच व्हरमाँटमध्ये उंचावरील वाटा मेअखेरपर्यंत टाळण्याची विनंती केली जाते. फावडी आणि पहारी घेऊन ही कामे करणारे बहुतेक लोक बिनपगारी असतात.

मतभेद होतात, आणि ते तीव्रही असतात. एकाला झाडावर कुऱ्हाड चालवणे पाप वाटते, दुसऱ्याला जुनाट रानात उजेड पाडणारी विरळणी आवश्यक वाटते. पायी चालणारे व सायकलस्वार यांची एकाच अरुंद वाटेवर गाठ पडते. त्यात आशियातून आलेला, पाचूच्या रंगाचा एक पोखरकिडा २०१८ मध्ये व्हरमाँटमध्ये आढळल्यापासून त्याच्या तावडीत सापडणाऱ्या ॲश वृक्षांचे काय करावे हा नवा प्रश्न उभा राहिला आहे. या वादांना मी दोष मानत नाही. ज्या रानावरून गावात कधी वाद होत नाही, ते रान विकण्याचा ठराव आला, तर त्याला विरोध करण्यास कोण उठणार?

बॉस्टनच्या परिसरात आज अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात तेथे जाऊन राहतात. गावसभेत मत देण्याचा हक्क केवळ नोंदणीकृत मतदारांना असतो. वाटेवरचा गाळ उपसण्यास मात्र मतदारयादीत नाव असावे लागत नाही. या आजी-आजोबांनी आपण ज्या गावात उतरलो आहोत, त्याच्या मालकीचे वन कोठे आहे याची चौकशी करावी, आणि एखाद्या शनिवारी श्रमदानाची वर्दी आली, तर नातवंडांना घेऊन अवश्य जावे.