एका संध्याकाळचा महाराष्ट्र

खंडोबाचं जागरण रात्रभर चालतं. देवीचा गोंधळही पहाट गाठतो. वासुदेव पहाटे येतो नि दारोदारचं दान घेऊन निघून जातो. कोळ्यांचा नाच नारळी पौर्णिमेचा, मंगळागौर श्रावणातली. हे सगळं एकाच संध्याकाळी, एकाच रंगमंचावर, तिकीट काढून बसलेल्या माणसांपुढे आणायचा उद्योग शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’त केला.

शाहिरांचं एक नातं आम्हा सुरतेतल्या लिंबायतकरांच्या रेल्वेमार्गावरचं आहे. उधन्याहून जळगावकडे निघालं की नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा करत अमळनेर लागतं. कृष्णराव साबळे यांचा जन्म वाईजवळच्या पसरणीचा, ३ सप्टेंबर १९२३चा; पण शाळेसाठी ते अमळनेरला आजीकडे राहिले. साने गुरुजींचा सहवास त्यांना तिथेच लाभला. सातवीनंतर शाळा सुटली, गाणं सुटलं नाही.

लोकधारेआधी त्यांनी बरंच काही करून पाहिलं होतं. पोवाडे झाले, ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’ अशी मुक्तनाट्यं झाली. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्यांच्याच आवाजात घरोघरी गेलं. २०२३ साली ते राज्यगीत ठरलं. फिरत्या रंगमंचाचा त्यांचा प्रयोग मात्र पैशाच्या बाजूने अंगाशी आला. इतकं पदरी असलेला माणूसच लोककलांना कात्री लावायचं धाडस करू शकतो.

कारण लोकधारेतलं खरं कसब कापण्यात आणि सांधण्यात आहे. रात्रभराच्या गोंधळातून काही मिनिटं उचलायची, तीही अशी की संबळ तापायच्या आत तोडल्यासारखं वाटू नये. भारुडाच्या हशातून पुढच्या गीताच्या लयीत जाताना प्रेक्षकाने घड्याळ पाहता कामा नये. ढोलकीवाल्याला लावणीचा ठेका सोडून लगेच कोळीगीताची लय धरावी लागते. विंगेत तर याहून मोठी धांदल. आत्ता कोळीण म्हणून नाचून आलेली मुलगी पुढच्या गाण्यात मंगळागौरीची सवाष्ण. शिवलेल्या नऊवारीचे उपकार अशा वेळी कळतात. टाळ्या समोर नाचणाऱ्यांना मिळतात. मला मात्र अशा कार्यक्रमात नेहमी कुतूहल वाटतं ते मोरपिसांची टोपी, कवड्यांच्या माळा आणि वल्ही नेमक्या क्रमाने मांडून ठेवणाऱ्याचं.

साबळ्यांचं घरच मुळी पार्टी होतं. पत्नी भानुमती कवयित्री, मुलगा देवदत्त संगीतकार, मुलगी चारुशीला नृत्य-अभिनयातली. बाहेरून आलेली पोरंही साधी नव्हती. भरत जाधव १९८५च्या सुमारास याच संचात आला; अंकुश चौधरी आणि शाहिरांचा नातू केदार शिंदे हेही इथलेच. पुढे नाटक-सिनेमात या मंडळींचं विनोदाचं टायमिंग अचूक दिसलं. समूहात नाचताना शेजाऱ्याच्या पायावर पाय पडू नये म्हणून जो कान लागतो, तो पुढे संवादालाही कामी येतो, असं माझं मत.

आता एक तक्रार, खानदेशी माणसाची. लोकधारा म्हटलं की लोकांना कोळीगीत, गोंधळ, भारूड, लावणी आठवते. आमची कानबाई देवी कुणाला आठवत नाही. शाहिरांचं बालपण खानदेशातल्याच अमळनेरात गेलं, म्हणून ही रुखरुख जास्त. लिंबायतमध्ये मात्र श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, अहिराणी गाणी रात्र जागवतात आणि सोमवारी ती वाजतगाजत विसर्जनाला निघते. लूम आणि डाइंगच्या पाळ्या सांभाळून माणसं नाचतात. गावाकडे वही गायन करणारे, टिंगरीवर गाणारे अजून आहेत.

यातून रंगमंचाचा ऐवज उभा राहील, पण साबळ्यांची कात्री हवी. रात्रभराच्या कानबाईची सात मिनिटं करायची, तर कुठलं गाणं ठेवायचं आणि कुठलं गाळायचं यावरूनच आमच्या गल्लीतल्या मावश्या तालमीआधी दोन तट पाडतील.