मापनयंत्रे संगणकाशी कशी बोलतात?

श्रोतेहो, आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी प्रयोगशाळेत मल्टिमीटर हाताळला असेलच. आकडा दिसतो, विद्यार्थी तो वहीत उतरवतो. दहा नोंदी घ्यायच्या असतील तर ठीक आहे. पण रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत, दर सेकंदाला एक नोंद हवी असेल तर? त्या झाल्या ४३,२०० नोंदी! माणसाचा डोळा लागणारच. हे काम संगणकावर सोपवावे हे खरे. पण मीटरवरचा आकडा संगणकाला कळावा कसा?

पूर्वी ज्याच्या त्याच्या यंत्राची तारजोडणी निराळी असे. अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या यंत्रांसाठी एक सामाईक तारमार्ग तयार केला, आणि १९७५ साली आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने त्याला ४८८ क्रमांकाचे प्रमाण म्हणून मान्यता दिली. प्रयोगशाळांत त्याला जीपीआयबी म्हणतात. संगणकात एक कार्ड बसवायचे, त्याला २४ पिनांची जाड केबल जोडायची, आणि जेवणाच्या डब्यावर डबा चढवावा तसा जोडावर जोड चढवत जायचे. संगणक धरून १५ यंत्रे एका मार्गावर बसतात. मात्र सगळी केबल मिळून २० मीटरपेक्षा जास्त नको.

आठ तारांवरून आकडा एकेक अक्षर करून जातो. पाच तारा हुकूम आणि शिस्तीच्या. पण खरी गंमत आहे ती उरलेल्या तीन तारांत.

वर्गातले शुद्धलेखन आठवा. गुरुजी घाई करून हुशार मुलांच्या वेगाने सांगत गेले, तर मागच्या बाकावरच्या मुलाचा शब्द सुटतो. यंत्रांचे तसे झाले, १२.४७ मधला २ गळाला, तर १.४७ उरते, आणि बरं का, ते दिसायला अगदी खरे दिसते! म्हणून इथे बोलणारे यंत्र ऐकणाऱ्यांसाठी थांबते. एका तारेचा अर्थ ‘मी अजून तयार नाही’. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही एकाने ती खाली ओढली, म्हणजे तिच्यावरचा दाब शून्याजवळ आणला, की ती खालीच राहते. सगळ्यांनी सोडली तरच ती वर जाते. मग बोलणारा दुसऱ्या तारेने कळवतो, ‘हे घ्या अक्षर’. तिसरी तार ‘मी अजून घेतले नाही’ असे सांगणारी. तीही सगळ्यांनी सोडल्याशिवाय पुढचे अक्षर नाही.

यामुळे एक मंद यंत्र साऱ्यांचा वेग खाली आणते, आणि एखादे अडकून बसले तर कारभारच थांबतो. काहींना हा दोष वाटतो. माझ्या मते खोटा आकडा मिळण्यापेक्षा काम थांबलेले बरे. थांबलेले निदान कळते तरी.

आता नव्या यंत्रांना यूएसबी आणि नेटवर्कचीही सोय असते. तरी कॉलेजात पाठीला २४ पिनांचा जोड असलेला जुना मीटर पडून असेल, तर त्याला मोडीत काढू नका. यूएसबीला जोडायचे अॅडॅप्टर मिळतात. प्रत्येक यंत्राला ० ते ३० मधला आपला वेगळा क्रमांक मात्र द्यायला हवा. बऱ्याच जुन्या यंत्रांवर त्यासाठी पाच छोटे खटके असतात: १, २, ४, ८ आणि १६ चे. २२ हवा तर १६, ४ आणि २ चे खटके लावायचे. मुलांना द्विमान अंक शिकवायला याहून सोपे साधन कुठले? फक्त पाचही खटके एकदम लावू नका. ३१ हा आकडा ‘आता ऐकणे बंद’, ‘आता बोलणे बंद’ या हुकमांसाठी राखलेला आहे.